म्हाडाची सोडत, आजोबांचं पासबुक आणि आमचं भाडं

विक्रोळीकर_सध्या_बदलापूर
सोमवार, रात्री १०:४०

गेल्या रविवारी कन्नमवार नगरच्या घरातलं कपाट रिकामं करत होतो. बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार, म्हणून आवराआवर. आजीच्या साड्यांखाली आजोबांचं पिवळं पडलेलं पासबुक सापडलं. हाउसिंग बोर्डाच्या हप्त्यांचं. दर महिन्याचा शिक्का आहे, एकही महिना चुकलेला नाही, आणि हप्ता दोन आकडी.

आजोबा विक्रोळीतच कारखान्यात फिटर होते. पगार बेताचा, पोरं चार. त्यांनी अर्ज केला, उत्पन्नाचा दाखला जोडला, काही वर्षं वाट बघितली आणि घर मिळालं. त्यात नशिबाचा भाग नव्हता असं नाही, पण ते घर 'लागलं' असं कोणी म्हणत नव्हतं. मी म्हाडाच्या सरकारी घरांच्या सोडतीत (लॉटरीत) सहा वेळा अर्ज केला. सहाही वेळा अनामत रक्कम परत आली. बायको म्हणते, निदान ही एफडी तरी सुरक्षित आहे.

२०२३ ला मुंबई मंडळाची ४,०८२ घरं होती, अर्ज १ लाख २० हजारांवर. २०२४ ला २,०३० घरं, अर्ज १ लाख १३ हजारांवर. म्हणजे एका घरामागे पन्नासच्या वर माणसं.

आणि घर लागलं तरी पुढे काय? २०२३ ला गोरेगाव पहाडीत अत्यल्प उत्पन्न गटाची घरं होती, किंमत साधारण साडेतीस लाख. त्या गटाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. तीन-साडेतीन लाख स्वतःचे घातले आणि सत्तावीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ता तेवीस-चोवीस हजार. हे मर्यादेच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचं गणित. महिना २५ हजार कमावणाऱ्याने फॉर्मच कशाला भरायचा? त्याच सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या वर होतं. लोकप्रतिनिधींच्या कोट्यातून ते एका आमदारांना लागलं आणि परवडत नाही म्हणून त्यांनीही सोडलं.

मला पडलेला प्रश्न असा. १९४८ साली बॉम्बे हाउसिंग बोर्ड झालं, १९७७ ला त्याचं म्हाडा झालं. टागोर नगर, पंतनगर, नेहरूनगर, टिळकनगर या सगळ्या वसाहती सरकारनेच उभ्या केल्या ना? मग मधल्या काळात नेमकं काय बिघडलं? जाणकारांनी लिहावं.

(कन्नमवार हे मुख्यमंत्री होते, १९६३ ला पदावर असतानाच गेले. नगर त्यांच्या नावाचं आहे हे आमच्या पिढीला माहीतच नाही. आम्हाला फक्त बसचा शेवटचा स्टॉप माहीत.)

खोली_नंबर_४२
सोमवार, रात्री ११:२५

उत्तम धागा. अंमळ मागे जाऊन सुरुवात करतो, कारण सरकारने बांधलं म्हणजे भलंच केलं हा समज आमच्या चाळीत कोणाचाच नव्हता.

१८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाली, त्या बीआयटी चाळी. १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, त्या आमच्या बीडीडी चाळी: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७. ठरवल्या होत्या ५० हजार खोल्या, झाल्या १६ हजारांच्या आसपास. पैसा उभा केला कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून. गंमत म्हणजे बांधून झाल्यावर कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. कामगाराला भाडं झेपेना आणि सिमेंटच्या त्या कोंदट खोल्या आवडेनात. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा हंगामी तुरुंग केला होता. त्यावरून काय ते ओळखा.

म्हणजे चुकीच्या जागी, चुकीच्या भाड्याने बांधायची सरकारी खोड जुनीच. पण नंतरची साठ-सत्तर वर्षं याच १६० चौरस फुटांनी दोन-तीन पिढ्या जगवल्या, कारण भाडं किरकोळ होतं आणि कोणी उठ म्हणत नव्हतं. आता पुनर्विकासात ५०० फुटांचं घर फुकट मिळतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आमचा नंबर यायचाय. आई खूश आहे, पण रोज एकच विचारते, चाळीस मजली टॉवरचा मेंटेनन्स कोण भरणार?

मुक्त_बाजार
मंगळवार, सकाळी ८:१०

नेहमीचं रडगाणं. सरकारने घरं बांधायचीच कशाला? मुंबईतली घरं सरकारनेच मारली. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आणा, १९४० ची भाडी गोठवा, मग घरमालक दुरुस्ती कशातून करणार? भाड्याने द्यायला चाळ बांधणं तिथेच बंद झालं. राहिली ती पागडी, म्हणजे आगाऊ मोठी रक्कम मोजून भाड्याने राहायची पद्धत. पुढे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारजमा होणार म्हटल्यावर मालकांनी कोर्टकज्जे करून ती तशीच धरून ठेवली. केंद्राने १९९९ ला तो कायदा मागे घेतला, महाराष्ट्राने घ्यायला २००७ उजाडवलं.

आणि ते एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं, फुकट घर. अतिक्रमण करा, घर मिळवा. आपण मात्र टॅक्स भरून बदलापूर.

चौथा_मजला_लिफ्ट_नाही
मंगळवार, सकाळी ९:०२

मुक्त_बाजार यांचं अर्धं खरं आहे म्हणून जास्त त्रास होतो.

मी उपकरप्राप्त इमारतीत (दुरुस्तीसाठी सरकार उपकर घेतं त्या जुन्या भाड्याच्या इमारतीत) वाढले, गिरगावात. आमचं भाडं एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी होतं आणि जिना लाकडी टेकूंवर उभा. फाळणीनंतरच्या मुंबईत तो कायदा नसता तर आमच्या आजोबांसारखे लोक रस्त्यावर आले असते. चूक गोठवण्यात नव्हती, पन्नास वर्षं गोठवून ठेवण्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. शंभर रुपयांवर ४ टक्के म्हणजे चार रुपये. घरमालकाने त्यात रंगाचा ब्रश तरी आणावा का?

पण कायदा बदलला म्हणून कोणी भाड्याच्या चाळी बांधायला धावलं का? नाही. जमीन विकण्यात जो पैसा आहे तो भाड्यात नाही. तुमच्या मुक्त बाजाराने हे गणित केव्हाच करून ठेवलंय.

सोसायटी_सेक्रेटरी
मंगळवार, दुपारी १:३५

मूळ प्रश्नाला उत्तर देतो. गेली अकरा वर्षं एका म्हाडा वसाहतीत सेक्रेटरी आहे (पगार शून्य, शिव्या भरपूर).

पूर्वी बोर्ड जमीन घ्यायचं, स्वतः बांधायचं, आणि घर भाड्याने किंवा भाडे-खरेदीवर द्यायचं. हप्ते फिटले की घर तुमचं. १९५२ च्या केंद्राच्या औद्योगिक कामगार योजनेतून अनुदानही यायचं. धागाकर्त्याच्या पासबुकातला दोन आकडी हप्ता त्या काळातला. किंमत ठरायची ती बांधायला आलेल्या खर्चावरून.

पुढे विकत घेण्यासारखी जमीन संपली आणि अनुदानही आटलं. मग सगळी भिस्त चटई क्षेत्रावर, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या परवानगीवर आली. आता म्हाडाच्या सोडतीत येणारी घरं कुठून येतात बघा. काही म्हाडाने स्वतः बांधलेली, गोरेगाव पहाडीसारखी. बाकी विकास नियमावलीच्या ३३(५) खाली आमच्यासारख्या वसाहतींच्या पुनर्विकासातला हिस्सा, ३३(७) खाली जुन्या उपकरप्राप्त इमारतींतलं अतिरिक्त क्षेत्र. म्हणजे आधी बिल्डरला विक्रीचे मजले मिळतात, आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांना मोठं घर मिळतं, आणि उरेल तो चतकोर सोडतीत. हिस्सा ताडदेवच्या टॉवरमध्ये मिळाला तर सोडतीचं घर ताडदेवच्याच भावाने लागणार, दुसरं काय होणार!

२०१० ला सरकारने म्हटलं, वाढीव चटई क्षेत्राचे पैसे नकोत, घरंच द्या. हेतू चांगला. पण बिल्डरांनी हात आखडले, प्रकल्प वर्षानुवर्षं अडकले, पावसात स्लॅब पडायला लागले. २०१७ ला छोट्या भूखंडांना पुन्हा पैसे भरायची मुभा मिळाली. घरं मागितली तर काम थांबतं आणि पैसे घेतले तर घरं येत नाहीत. मी स्वतः तेव्हा पैशांच्या बाजूने मत दिलं होतं, कारण आमच्या बी विंगला टेकू लावलेले होते. लाज वाटते का? थोडी. पण तुम्ही त्या टेकूखालून रोज पोरांना शाळेत पाठवून बघा.

मुक्त_बाजार
मंगळवार, दुपारी २:०५

म्हणजे जमीन संपली हेच उत्तर झालं. धागा संपला.

सोसायटी_सेक्रेटरी
मंगळवार, दुपारी २:२०

जमीन संपली नाही हो साहेब, वाटली गेली. गिरण्यांचं कोणीतरी लिहा.

लालबागची_लेक
मंगळवार, रात्री ९:१५

लिहिते. सकाळपासून लिहीन लिहीन म्हणत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. वडील विणखात्यात. संप कधी संपला ते कोणी सांगितलंच नाही. वडील भाजीची गाडी लावू लागले एवढं आठवतं.

गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर, तीही परळ-लालबाग-वरळीच्या मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, शेड उभ्या आहेत ती जमीन धरायची नाही. आता मला सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ ला दुरुस्ती कायम झाली. सहाशे एकरांचे तिसरे हिस्से बघता बघता तुकडे झाले. सेक्रेटरी म्हणतात ती 'वाटली गेली' ही अशी.

त्या तुकड्यांवर गिरणी कामगारांसाठी २२५ फुटांची घरं बांधली. २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०२० ला ३,८९४ घरांची, किंमत साडेनऊ लाख. ती घरं ज्यांना लागली त्यांचं सोनं झालं, मी हेवा करत नाही. आमच्या मजल्यावरच्या एकांना लागलं तेव्हा पेढे मीच आणले. पण अर्जदार पावणेदोन लाखांच्या आसपास. आमचा अर्ज वडिलांच्या नावाने आहे. ते २०१५ ला गेले. मग आईच्या नावाने कागद केले. आता आईचं वय ८१ आहे आणि वारस म्हणून माझ्या भावाचे कागद चाललेत.

आता म्हणतात शेलू आणि वांगणीला घरं घ्या. जुलै २०२५ ला आझाद मैदानावर मोर्चा झाला, मी आईला घेऊन गेले होते. व्हीलचेअर नव्हती, टॅक्सीवाल्याने अर्ध्यावर सोडलं. आईला विचारलं, वांगणी कुठे माहीत आहे का? म्हणाली, "पुण्याच्या गाडीला लागतं."

विक्रोळीकर_सध्या_बदलापूर
मंगळवार, रात्री ९:५०

ताई, वांगणी आमच्या पुढचं स्टेशन. इथून सीएसएमटीला रोज दीड तास जायला, दीड तास यायला, तेही गाडीत शिरता आलं तर. ८१ वर्षांच्या बाईला केईएमची अपॉइंटमेंट असेल तर पहाटे निघावं लागेल.

चारकोपचा_चौक
बुधवार, सकाळी ७:३०

सगळ्यांनी सोडत आणि टॉवर एवढंच लिहिलं. मधे एक वेगळा प्रयोग झाला होता, तो विसरू नका.

१९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने घरं दिलीच नाहीत, भूखंड दिले. २५, ३०, ४० चौरस मीटरचे. रस्ता, पाणी, गटार सरकारचं, घर तुमचं तुम्ही बांधा. पस्तीसेक भूखंडांची एक सोसायटी आणि मध्ये चौक. आमच्या वडिलांनी आधी पत्र्याची एक खोली घातली. बोनस आला तसा स्लॅब पडला. ताईचं लग्न ठरलं तेव्हा वरचा मजला. मोठ्या भूखंडांचा भाव चढा लावून छोट्यांचा कमी ठेवला होता, त्यामुळे शिपाई आणि बँकेतला कारकून एकाच चौकात होळी करायचे.

त्रुटी होत्याच. पाणी यायचं नाही, बस नव्हती, पहिली दोन वर्षं आई रडायची. आज कित्येकांनी विकून टाकलं आणि चौकात गाड्या उभ्या असतात. पण एका गोष्टीचं मला नवल वाटतं. पूर्ण घर एकदम परवडत नसेल तर अर्धं द्या, उरलेलं माणूस बांधतो, हे तेव्हा सरकारला कळलं होतं. बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वाढवता येणारी घरं केली, तीही त्याच दशकातली. त्यानंतर हे पुन्हा मोठ्या प्रमाणावर का झालं नाही?

सोसायटी_सेक्रेटरी
बुधवार, सकाळी ८:०५

कारण बैठ्या घरात विकायला मजले उरत नाहीत.

बाणेरचा_भाडेकरू
बुधवार, सकाळी ११:४०

पुण्याची बाजू. २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं छोटी, ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची असा नियम आहे. माझ्या मामेभावाला असं घर लागलं, किंमत शेजारच्या विंगच्या निम्म्याहूनही कमी. आनंदीआनंद.

पण त्यांची इमारत वेगळी, गेट वेगळं, क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना 'लॉटरीवाले' म्हणतात. मामेभाऊ म्हणतो, म्हणू देत, पोहायला मला येतंच कुठे! वहिनीला मात्र लागतं ते.

टेम्सकाठचा_कोल्हापुरी
बुधवार, दुपारी ४:१५

इकडची, ब्रिटनची मजा ऐका. महायुद्धानंतर इथल्या नगरपालिकांनी लाखो घरं बांधून भाड्याने दिली. १९८० च्या कायद्याने त्या भाडेकरूंना तेच घर मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. इंग्लंडमध्येच वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली. घेणाऱ्यांचं भलं झालं, माझ्या शेजारच्या म्हातारीचंही झालं. पण विकलेल्या घरांच्या जागी नवीन तेवढी बांधली नाहीत. आता तीच घरं खाजगी मालक भाड्याने देतात आणि भाडं परवडत नाही म्हणून नगरपालिका त्या भाडेकरूंना मदत देते. स्कॉटलंडने २०१६ ला आणि वेल्सने २०१९ ला हा हक्क बंद केला.

आपल्याकडेही भाडे-खरेदीने तेच झालं की. आजोबांचं घर आजोबांचं झालं, पण बोर्डाकडे नातवाला द्यायला घर उरलं नाही.

सिंगापुरातलो_मालवणी
बुधवार, रात्री ८:३०

गाववालेनू, सिंगापूरचं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून मीच देतो आणि सावधही करतो. इथे १९६० ला एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळ सुरू झालं, आज पाचातले जवळपास चार नागरिक त्याच्याच घरात राहतात. पण ते जमलं कारण १९६६ च्या कायद्याने सरकारने जमीन स्वस्तात ताब्यात घेतली. आपल्याकडे तशी घेतली तर शेतकऱ्याचं काय होतं ते नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना विचारा. आणि इथलं घरही कायमचं नाही, ९९ वर्षांचा पट्टा. पुनर्विक्रीत काही फ्लॅट आता दहा लाख डॉलरच्या वर जातात. इथली पोरं पण रडतातच.

मुक्त_बाजार
बुधवार, रात्री ९:००

एसआरएच्या फुकट घरावर कोणीच बोललं नाही. सोयीस्कर.

चौथा_मजला_लिफ्ट_नाही
बुधवार, रात्री ९:४०

बोलते. १९९५ ला घोषणा होती ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही गाडी पोचलेली नाही. 'मोफत' म्हणजे सरकारी तिजोरीतून नव्हे. त्याच भूखंडावरची विक्रीची घरं ज्या भावाने जातात त्यातून. म्हणजे ते पैसे तुम्ही-आम्ही विक्रीचा फ्लॅट घेताना भरतो. टॅक्समधून नाही. त्यामुळे झोपडपट्टी जिथे जमीन महाग तिथे सुधारते आणि जिथे स्वस्त तिथे तशीच राहते. रागवायचं तर या हिशेबावर रागवा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी २२५ फुटांच्या घरात सातव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद.

विक्रोळीकर_सध्या_बदलापूर
बुधवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. वाचून माझाच प्रश्न बदलला.

मी सहा वेळा मालकीच्या घरासाठी अर्ज केला. पण खरं तर मला काय हवं होतं? कांजूर किंवा विक्रोळीत, पोराच्या शाळेजवळ, दर अकरा महिन्यांनी सामान हलवावं न लागणारं घर. ते भाड्याचं असतं तरी चाललं असतं. तसं घर कोणाकडे मागायचं? त्याचा फॉर्मच नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत होतं की देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ ला ५४ टक्के होतं, २०११ ला २८ वर आलं. आणि २०११ च्याच जनगणनेत एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांवर घरं कुलूपबंद. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ ला १६० फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. ती गुंडाळली गेली, आणि पनवेलजवळ कोनला त्यातल्याच दोन-दोन खोल्या एक करून गिरणी कामगारांना विकत दिल्या. सरकारला घरमालक व्हायचं नाही, फक्त विक्रेता व्हायचंय.

मुक्त_बाजार, तुमचा भाडे कायद्याचा मुद्दा मला पटला. फक्त तुम्ही म्हणता तसं सरकारने बाजूला व्हावं हे नाही पटत. बाजूला होऊनच तर हे झालंय.

मे २०२५ च्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. सातवा अर्ज भरणार का? भरणार. अनामत तयार आहे.

सोसायटी_सेक्रेटरी
गुरुवार, सकाळी ७:५०

धोरणाचं नंतर बघू. आधी मला सांगा, त्या पासबुकाबरोबर वाटपपत्र सापडलं का? पुनर्विकासात पात्रतेला मूळ वाटपपत्र मागतात. आणि घर अजून आजोबांच्याच नावावर आहे की वारसांची नोंद झालीय? बिल्डरचा करारनामा व्हायच्या आत ते करून घ्या. नंतर भावाभावांत जे होतं ते मी माझ्या ऑफिसात अकरा वर्षं बघतोय.

विक्रोळीकर_सध्या_बदलापूर
गुरुवार, सकाळी ८:२०

वाटपपत्र थोरल्या काकांकडे आहे. आजोबांच्या नावावरच आहे घर, वारस चार. काका गणपतीपासून फोन उचलत नाहीत.